वेळ उरल्यास सामना

लीलाधर भंगाळ्यांना, म्हणजे सगळ्यांच्या भाऊंना, क्रिकेटचा वीट आला होता. त्र्याऐंशी साल होतं, जूनमध्ये आपण विश्वचषक जिंकला होता, आणि तेव्हापासून वरणगावात दुसऱ्या कशावर बोलणं म्हणजे गुन्हा होऊन बसला होता. न्हाव्याकडे तेच, पिठाच्या गिरणीत तेच, कारखान्याच्या बसमध्ये तर कान मिटायची सोय नाही इतकं तेच. ज्यांना जन्मात कधी बॅट धरता आली नव्हती असले लोक वेस्ट इंडीजच्या दौऱ्याची वाट बघत, कुणाला कितव्या नंबरावर पाठवावं यावरून एकमेकांची कॉलर धरत होते. भाऊ खिडकीबाहेर बघत बसायचे आणि मनात म्हणायचे, बोला लेको, बोला. चहाच्या वेळेला खेळ थांबवून चहा पिणाऱ्यांचं काय ते कौतुक!

भाऊंचा खेळ रग्बी होता, आणि भुसावळपासून पार शिंदखेड्यापर्यंत तो खेळ डोळ्यांनी पाहिलेला माणूस म्हणजे ते एकटेच. तरुणपणी कलकत्त्याकडच्या एका कारखान्यात त्यांनी लेथवर आठ वर्षं काढली होती. तिथल्या मैदानावर पावसाळ्यात दर रविवारी सामने व्हायचे. दोन्ही टोकांना निमुळता चेंडू काखोटीला मारायचा आणि पळायचं. समोरच्याने कमरेला मिठी घालून पाडायचं. चेंडू हाताने द्यायचा तर मागच्यालाच द्यायचा, पुढच्याला देता येत नाही. पलीकडच्या रेषेपार जाऊन तो जमिनीला टेकवला की गुण. एवढाच खेळ, पण त्या चिखलात भाऊंचं मन जे अडकलं ते अडकलंच. माणूस कमी पडला म्हणून तीनदा त्यांना आत घेतलं होतं. तिसऱ्या खेपेला गळ्याखालचं हाड मोडलं, आणि ते मोडलेलं हाड भाऊ अजूनही कुणालाही शर्टाचं बटण काढून दाखवत.

बदली होऊन गावाकडे आले त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. एकोणीस वर्षांत त्यांनी एकही सामना पाहिला नव्हता. फक्त ऐकला होता. शनिवारी संध्याकाळी जेवणं आटोपली की भाऊ रेडिओ अंगणात आणायचे, तार कडुनिंबाला अडकवायचे, आणि विलायतेहून खरखरत येणारं धावतं समालोचन कान लावून ऐकायचे. रविवारी सकाळी तोच सामना ते बाजारपेठेतल्या केवलचंद शेठच्या कापड दुकानात सांगायचे. फळी अर्धी लावलेली, गादीवर दहाबारा माणसं, मधे चहाचे ग्लास. भाऊ ग्लास पळवायचे, पाडायचे, एकावर एक रचायचे. त्यांचं सांगणं असं, की ऐकणाऱ्यांच्या अंगाला चिखल लागायचा.

या दहाबारा जणांनी मिळून ‘खानदेश रग्बी रसिक मंडळ’ काढलं होतं. अध्यक्ष केवलचंद शेठ, कारण दुकान त्यांचं. उपाध्यक्ष शालिग्राम, फैजपूरकडचा केळीवाला, दर रविवारी राजदूत फटफटीवरून यायचा. त्या सालच्या मोसमाला न्यूझीलंडचा संघ विलायतेच्या दौऱ्यावर जाणार होता. काळ्या कपड्यांतली ती धिप्पाड माणसं सुरुवातीला मोठमोठ्याने ओरडत, मांड्या थोपटत नाचतात, असं भाऊंनी सांगितल्यापासून मंडळात नुसता उत्साह माजला होता. दसऱ्याच्या रविवारी पुढच्या रांगेत कोण हवा यावरून शालिग्राम आणि केवलचंद शेठ यांचं चांगलंच जुंपलं. दोघांनी रग्बीचा चेंडू हवेत उडालेला कधी पाहिला नव्हता. भाऊंना हा वाद फार आवडला. बसमधल्या क्रिकेटवाल्यांपेक्षा आपली माणसं किती जाणकार, असं त्यांना वाटलं.

मंडळात ऐकण्यावर न भागणारा एकच माणूस होता, निंबा. शिंदखेड्याकडचा, कारखान्यात भट्टीवर कामाला, पदरात दोन पोरं, आणि जत्रेत आखाडा लागला की नारळ घेऊन परतणारा पैलवान. पहिल्यांदा खेळ ऐकला तेव्हा तो म्हणाला होता, “म्हंजे कबड्डी नि कुस्ती एक करी टाकेल शे का?” आणि नंतर दर रविवारी, सांगणं संपलं की एकच प्रश्न विचारायचा.

“भाऊ, आपण कव्हय खेळानं?”

भाऊ हसून पाठीवर थाप मारायचे. पण त्या ‘कधी’ने आत कुठेतरी टोचायचं. म्हणून त्यांनी पत्रं लिहायला घेतली. मुंबईच्या क्लबाला लिहिलं, कलकत्त्याला लिहिलं, लिहीतच राहिले. आणि दिवाळीनंतर एक दिवस कलकत्त्याच्या क्लबाचं उत्तर आलं. तुमचं पत्र आम्ही विलायतेला धाडलं होतं. वेल्समधल्या कोळसा खाणीच्या कामगारांचा एक संघ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येतोय. मुंबईहून कलकत्त्याला आगगाडीने जाताना भुसावळला एक दिवस उतरायला तो तयार आहे. रविवारी सकाळी येतील, रात्री साडेआठच्या गाडीने पुढे जातील. दुपारी सामना ठेवता येईल काय?

ठेवता येईल काय! भाऊंनी ते पत्र भट्टीवर जाऊन निंबाला वाचून दाखवलं. निंबाने हातातला चिमटा खाली ठेवला. मग म्हणाला, “मले त्या लोकेस्ले एकदाव धरी दखनं शे, भाऊ. हारूत ते हारूत.”

पुढचा महिना निंबा धरून पंधरा माणसांनी हाडाची काडं केली. सगळी कबड्डीतली आणि तालमीतली, सगळी घरसंसाराची. पाळी सुटली की बाजारपटांगणावर यायची. भाऊंकडे कलकत्त्याचा एक चामडी चेंडू होता, तो तीनदा शिवून घेतला. शालिग्रामने उंच बल्ल्या दिल्या, त्याचे दोन्ही टोकांना गोल उभे राहिले: दोन खांब आणि मधे आडवी बल्ली. पुढच्याला चेंडू द्यायचा नाही हे डोक्यात बसायलाच पंधरा दिवस गेले. पण बसलं. निंबा चेंडू घेऊन सुटला की चार जणांना अंगावर घेऊन दहा पावलं जायचा, आणि भाऊ कडेला उभे राहून शिट्टी वाजवायची विसरायचे.

इथपर्यंत सगळं चोख होतं. मग मंडळाची बैठक झाली.

“पाहुणे सातासमुद्रापलीकडून येणार,” केवलचंद शेठ म्हणाले, “आणि आपण काय त्यांना नुसतं पळवायचं? उन्हात?”

“ते पळायलाच येताहेत, शेठ.”

“ते त्यांचं झालं. आपली काही रीत आहे की नाही? सत्कार नको?”

सत्कार सामन्यानंतर करा, असं भाऊ म्हणाले. त्यावर सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की भाऊंनाच आपण काहीतरी घाण बोललो असं वाटलं. सामन्यानंतर? घामाने, मातीने भरलेल्या अंगावर शाल कशी घालणार? हार कसा घालणार? आणि फोटोत काय दिसेल? शेवटी ठरलं की आधी पंधरा मिनिटांचा छोटेखानी सत्कार, मग लगेच सामना. पंधरा म्हणजे पंधराच, असं भाऊंनी तीनदा वदवून घेतलं. शेठने तीनदा मान डोलावली. शेठ वाईट माणूस नव्हता, हेच तर सगळ्यात वैतागाचं होतं.

आठ दिवसांनी निमंत्रणपत्रिका छापून आली. जाड कागद, सोनेरी कड, वर गणपती. खाली उद्घाटक, मग अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग विशेष उपस्थिती, मग स्वागतोत्सुक. भाऊंनी नावं मोजली, एक्केचाळीस भरली. त्यांत वेल्सच्या एकाही माणसाचं नाव नव्हतं. निंबाचं नव्हतं. आणि अगदी तळाला, छापखान्याच्या नावाच्या वर, बारीक टाइपात एक ओळ होती: ‘त्यानंतर वेळ उरल्यास रग्बीचा सामना होईल.’

“हे काय आहे?” भाऊंचा आवाज चढला. “वेळ उरल्यास?”

“छापायची पद्धत असते तशी, भाऊ. सगळ्याच पत्रिकांवर असतं.”

“लग्नपत्रिकेवर छापता का, वेळ उरल्यास लग्न?”

शेठ मनापासून हसले आणि शेजारच्याला म्हणाले, “ऐका, ऐका, भाऊंचं बोलणं ऐका.” पत्रिका भाऊंनी घरी नेलीच नाही, वाटेत गटारात टाकली.

आदल्या दिवशी मांडववाले आले. त्यांना पटांगणावर आयते उभे असलेले दोन खांब आणि वर आडवी बल्ली दिसली. देवच पावला त्यांना. त्यांनी तिथेच व्यासपीठ ठोकलं, बल्लीला ‘सुस्वागतम्’ बांधलं, दोन्ही खांबांना केळीचे घडासकट खुंट लावले आणि झेंडूच्या माळा सोडल्या. व्यासपीठ गोलाच्या पुढे वीस फूट आलं होतं, म्हणजे खेळाच्या मैदानातच. भाऊ धावत गेले तर मुकादम म्हणाला, “काका, घाबरू नका, कार्यक्रम संपला की पाच मिनिटांत काढतो.” भाऊ माघारी वळले. दुसऱ्या टोकाचा गोल मोकळा आहे, एकाच बाजूला खेळवू, सत्कार लांबलाच तर वीस मिनिटं तर वीस मिनिटं, असा त्यांनी मनाशी हिशेब घातला. माणूस असा एकेक पायरी खाली उतरतो आणि दर पायरीवर स्वतःला समजूतदार म्हणवून घेतो.

डिसेंबरातला तिसरा रविवार. सकाळच्या गाडीने वीस माणसं उतरली. जाड मनगटांची, मोडक्या नाकांची, हातांवर कोळशाचे निळे व्रण गोंदवल्यासारखे राहिलेली. त्यांचा कप्तान चाळिशीचा, लाल दाढीचा, समोरचे दोन दात पडलेले. शालिग्रामच्या मळ्यात भरीत-पुरीचं जेवण झालं. भरीत तिखट होतं. पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण पानात कुणी काही टाकलं नाही. जेवण झाल्यावर कप्तान म्हणाला, मला मैदान दाखवा. भाऊ त्याला घेऊन गेले. त्याने पावलांनी लांबी मोजली, खाली वाकून माती बोटांनी चिवडली, टणक आहे म्हणाला, चालेल म्हणाला. मग त्याने सांगितलं की भाऊंचं पत्र त्यांनी क्लबात मोठ्याने वाचलं होतं. ज्या गावात कुणी हा खेळ पाहिलेला नाही तिथे पहिला सामना आपण खेळायचा, म्हणून सगळ्यांनी मिळून इथे उतरायचं ठरवलं होतं. भाऊंचं इंग्रजी कारखान्यापुरतं होतं, पण एवढं त्यांना कळलं. डोळे पुसायला ते केळीच्या खुंटाआड गेले.

“सामना किती वाजता?” कप्तानाने विचारलं.

“तीन,” भाऊ म्हणाले.

दोन वाजता पटांगण भरलं. दोन हजार माणूस असेल. पाहुणे खेळाचे कपडे घालून, उघड्या गुडघ्यांनी व्यासपीठावर खुर्च्यांत बसले. समोर कडेला निंबा आणि त्याची चौदा माणसं शेठने दिलेल्या पिवळ्या बनियनांत मांडी घालून बसली. आणि मग काही झालं नाही. कारण उद्घाटक आले नव्हते. उद्घाटक म्हणजे कुठल्याशा सोसायटीचे चेअरमनसाहेब. ते साडेतीनला आले, आणि उशीर झाल्याबद्दल त्यांनी नव्हे, निवेदक गुरुजींनीच लोकांची माफी मागितली.

दीपप्रज्वलन झालं. वाऱ्याने वात तीनदा विझली. स्वागतगीत झालं. मग फेटे. हे भाऊंना ठाऊकच नव्हतं. वीस पाहुण्यांना वीस फेटे बांधायचे, आणि फेटेवाला एक. तो म्हातारा मन लावून बांधत होता, एकेकाला मागे सरून न्याहाळत होता, तुरा वाकडा झाला की सोडून पुन्हा बांधत होता. लोक टाळ्या वाजवत होते. प्रत्येक फेट्यामागून हार, हारामागून शाल, शालीमागून नारळ. गुरुजी प्रत्येक नाव कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचत, चुकत, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचत. भाऊंनी घड्याळ पाहिलं. सव्वाचार. त्यांनी शेठचा कोट ओढला.

“शेठ, पुरे करा.”

“झालं झालं. साहेबांचं भाषण झालं की झालं.”

चेअरमनसाहेब बोलायला उठले. रग्बी हा आपलाच खेळ आहे, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. महाभारतातही तो होता. मग ते विश्वचषकावर आले, तिथून केळीसाठी न मिळणाऱ्या रेल्वे वॅगनवर, वॅगनवरून दिल्लीवर. कप्तान गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला होता, फेट्याखालून घाम ओघळत होता, आणि दर दोन मिनिटांनी तो मान वळवून सूर्याकडे बघत होता. त्याच्या शेजारचा थोराड गडी शालीसकट झोपी गेला होता. भाऊंना किळस आली. साहेबांच्या आवाजाची, माइकच्या शिट्टीची, हारांतून गळणाऱ्या पाण्याची, समोर शेंगदाणे खात बसलेल्या त्या दोन हजार तोंडांची, जी काहीही दिलं तरी ऐकून घेत होती. एका माणसाच्या जिभेसाठी पस्तीस माणसांचे पाय बांधून ठेवलेत, असं त्यांना वाटलं, आणि या जातीच्या माणसांवर थुंकायचीही आपली इच्छा नाही, असंही वाटलं.

निंबा व्यासपीठाच्या कडेला आला होता. त्याने खालूनच हळू आवाजात म्हटलं, “भाऊ, दोन वाजापाईन बशेल शेतस आम्ही. दिन बुडी ऱ्हायना.”

“आता होईल,” भाऊ म्हणाले. “तू माणसं उभी कर. अंग मोकळं करा. मी बघतो.”

निंबा पळत गेला. पंधरा माणसं उठली, मांड्या थोपटू लागली, जागच्या जागी उड्या मारू लागली. ते पाहून पाहुण्यांमधे हालचाल झाली. दोघातिघांनी शाली काढून ठेवल्या. साहेब बसले. पाच वाजून सात मिनिटं झाली होती. केळीच्या बागांवर सूर्य अजून हातभर वर होता. अर्धा तास उजेड नक्की होता. वीस मिनिटांचा सामना अजूनही होत होता.

तेवढ्यात गुरुजी माइकवर म्हणाले, “आणि आता, हा सोन्याचा दिवस ज्यांच्यामुळे उगवला, ते खानदेशचे रग्बीमहर्षी...”

भाऊंना उमजायच्या आत त्यांच्या अंगावर शाल पडली. शेठच्या डोळ्यांत पाणी होतं. “दोन शब्द, भाऊ. दोनच,” असं म्हणत त्यांनी भाऊंना माइकपुढे ढकललं. भाऊंचं ठरलेलं होतं. ते म्हणणार होते: ‘सत्कार संपला, आता सामना सुरू.’ एवढंच वाक्य. ते त्यांनी जिभेवर घेतलंही.

मग त्यांनी समोर पाहिलं. दोन हजार माणसं. शेंगदाण्यांचा आवाज थांबला होता. एकोणीस वर्षं त्यांचं ऐकायला दहाबारा जण आले होते, ते सुद्धा चहावर. बसमधले क्रिकेटवाले, न्हावी, गिरणीवाला, कारखान्यातले साहेब, सगळे तोंड वर करून बघत होते.

“मित्रहो,” भाऊ म्हणाले, “सामना सुरू करण्याआधी, हा खेळ तुम्हाला कळावा म्हणून एकच मिनिट घेतो.”

आणि त्यांनी नियम सांगितले. सांगताना कलकत्त्याचा पाऊस आला. पाऊस आला म्हणून चिखल आला, चिखल आला म्हणून तो पहिला रविवार आला. लोक हसले. भाऊंनी मोडलेलं हाड दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर ते माइक सोडून व्यासपीठाच्या मध्यावर आले, आणि नोव्हेंबरातला न्यूझीलंड आणि स्कॉटलंड यांचा बरोबरीत सुटलेला सामना त्यांनी सुरू केला. समोरच्या टेबलावरचे नारळ ओढले. नारळ पळाले, पडले, एकमेकांना भिडले. आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. लोक उठून उभे राहिले. कुणीतरी शिट्टी मारली. भाऊंचं असं सांगणं जन्मात झालं नव्हतं, ते त्यांचं त्यांनाच कळत होतं. एकदा त्यांना वाटलं, आता थांबावं. पण शेवटची पाच मिनिटं राहिली होती, आणि गुण सारखे होते, आणि सारखे गुण असताना सांगणारा थांबतो कुठे?

सामना बरोबरीत सुटला तेव्हा पटांगण दणाणून गेलं. भाऊ घामाने निथळत, धापा टाकत, दोन्ही हात जोडून उभे राहिले. टाळ्या ओसरायला बराच वेळ लागला. मग त्यांच्या लक्षात आलं की समोरची तोंडं नीट दिसत नाहीत. मांडववाल्याने बत्ती लावली होती.

कप्तान उठला. त्याने डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी सांभाळून उतरवला, खुर्चीवर ठेवला, भाऊंचा हात हातात घेतला, आणि इंग्रजीत म्हणाला, “तुम्हाला हा खेळ फार चांगला येतो.” त्यात टोमणा नव्हता. मग आपल्या माणसांकडे वळून त्याने मान हलवली, आणि ती वीसही माणसं निमूटपणे पिशव्यांतून स्वेटर काढू लागली. खाली जीप आणि ट्रक येऊन उभे होते.

शेठने भाऊंना मिठी मारली. शालिग्राम लोकांना ढकलत वर आला आणि त्याने भाऊंचे दोन्ही हात धरले. “काय सांगतलं हो भाऊ! मॅच नाही पाह्यली तं नाही पाह्यली. मले तं सगळी दिसली.” त्याच्या मागे आणखी पाच-पन्नास जण होते. बसमधला एक क्रिकेटवाला होता. सगळे तृप्त होते. कुणालाही काही राहून गेल्यासारखं वाटत नव्हतं.

भाऊंनी घड्याळ पाहिलं. सहाला पाच कमी. साहेब बसले तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती. म्हणजे चेअरमनसाहेब नव्हेत, फेटेवाला नव्हे. उजेडाचा तो शेवटचा अर्धा तास त्यांनी एकट्याने खाल्ला होता, आणि चवीने खाल्ला होता. चेअरमनसाहेबांनी निदान केळीच्या वॅगन मागितल्या, आपण काय मागितलं? टाळ्या. त्यांना स्वतःच्या जिभेची शिसारी आली. शाल अंगावरून ओढून त्यांनी टाकून दिली. ती कुणीतरी उचलून, झटकून, पुन्हा त्यांच्या खांद्यावर घातली.

गर्दीतून वाट काढत ते खाली उतरले. पिवळ्या बनियनांतली माणसं पांगू लागली होती. कुणाच्या अंगाला माती नव्हती. निंबा दुसऱ्या टोकाच्या गोलाखाली एकटाच उभा होता, चेंडू काखेत धरून. त्याच्यासमोर ट्रकमधे पाहुणे चढत होते, आणि तो त्यांच्या खांद्यांकडे, मनगटांकडे बघत होता. ट्रक सुरू झाला, भुसावळच्या रस्त्याला लागला. मग निंबाने मान वळवली.

“भाऊ, तुम्हीबी?”

भाऊंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. शब्द आलेच. ते नेहमीच येत. “हे बघ निंबा, त्याचं असं झालं, मी बोलायला उभा राहिलो तेव्हा माझ्या मनात...”

निंबाने चेंडू त्यांच्या हातात दिला.

“आते काही सांगू नका, भाऊ,” तो म्हणाला, आणि बनियन काढत घराकडे चालू लागला.